शब्दचर्चा : जपानी ‘मेइवाकू’ला मराठीत काय म्हणावं? गैरसोय, तसदी, उपद्रव की आणखी काही?

पानगळ
जपानच्या युद्धोत्तर परराष्ट्र धोरणावरचा एक मोठा लेख मराठीत करतेय. बाकी सगळं मार्गी लागलंय, एका शब्दापाशी आठवडाभर अडकून पडले आहे.

प्रसंग २५ सप्टेंबर १९७२ चा. आदल्या वर्षी जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सननी आपण चीनला जाणार असं जाहीर केलं आणि तोक्योला ते जेमतेम काही मिनिटं आधी कळलं. इतकी वर्षं अमेरिकेचं बोट धरून चाललेल्या जपानला तो मोठा धक्का होता. १९७२ च्या जुलैत तनाका काकुएई पंतप्रधान झाले आणि तीन महिन्यांच्या आत बीजिंगला पोचले. चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांनी दिलेल्या मेजवानीत ते म्हणाले, आमच्या देशाने चिनी जनतेला फार मोठा ‘मेइवाकू’ दिला, त्याबद्दल मी खोल ‘हानसेई’ (आत्मपरीक्षण) व्यक्त करतो. दुभाष्याने मेइवाकूचं चिनीत ‘माफान’ केलं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत चौंनी तोंडावर सांगितलं की या शब्दाने चिनी लोकांच्या मनात राग येतो, कारण आमच्याकडे तो बारीकसारीक गोष्टींसाठी वापरतात.

मी आधी ‘गैरसोय’ लिहिलं. मैत्रीण म्हणाली, जपानने चीनवर लादलेल्या एवढ्या मोठ्या युद्धाला गैरसोय? मग ‘अपार यातना’ केलं. तेव्हा जपानी शिकवणारे एक ओळखीचे म्हणाले, हे तनाका बोललेच नाहीत, तुम्ही त्यांच्या तोंडी घालताय. दोघांचंही पटतं. काय करू?

नदीकाठ
‘तसदी’ कसा वाटतो? ‘आपणांस तसदी दिली, माफी असावी’ असं आमचे आजोबा प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत. औपचारिक आहे, नम्र आहे आणि शब्दाचं वजन हलकं आहे. म्हणजे चौंना जे खटकलं ते मराठी वाचकालाही खटकेल. शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ डोकं दुखवणं, डोकेदुखी देणं.

एदोगावाकर
मी तोक्योत राहतो, आमच्या भागात मराठी घरंही बरीच आहेत. मेइवाकू हा इथे रोज कानावर पडणारा शब्द. लोकल दोन मिनिटं उशिरा आली तरी घोषणेत मेइवाकू. नको असलेल्या ईमेलला म्हणतात मेइवाकू मेल. आम्ही या घरात आलो तेव्हा शेजारणीच्या दारात खाऊचा डबा घेऊन उभे राहिलो आणि ‘आमचा मेइवाकू होईल’ असं आधीच सांगून टाकलं, कारण मुलगी चार महिन्यांची होती आणि रात्रभर रडायची. शेजारीण डोळ्यांत पाणी आणून हसली होती.

म्हणून सांगतो, शब्द हलका आहे हे अर्धंच खरं. ‘तुम्हाला मेइवाकू दिला’ असं माणूस कमरेत वाकून म्हणतो तेव्हा ती खरी माफी असते. तनाकांनीही नंतर हाच खुलासा केला होता. वजन शब्दात नसतं, वाकण्यात असतं, आणि वाकण्याचा अनुवाद दुभाष्याला करता येत नाही.

शुद्धमती
तसदी नको. मराठीत ‘उपद्रव’ आहे ना! उंदरांचा उपद्रव होतो आणि पेंढाऱ्यांचाही उपद्रव होतो. एकच शब्द धान्याच्या कणगीपासून लुटलेल्या गावापर्यंत पोचतो. मेइवाकूची लवचीकता याच्याइतकी कशात आहे? अरबी-फारसीकडे धावायची सवय आपण कधी सोडणार?

नदीकाठ
शुद्धमती, उपद्रव हा सोसणाऱ्याचा शब्द आहे. ‘त्यांनी आम्हाला उपद्रव दिला’ असं आपण म्हणतो. ‘मी तुम्हाला उपद्रव दिला, क्षमा करा’ असं कुणी म्हणताना ऐकलंय? तनाका करणाऱ्याच्या बाजूने बोलत होते. आणि शब्द फारसीतून आला म्हणून वाईट ठरत असेल तर तुमच्या घरातला ‘दरवाजा’ही बाहेर काढावा लागेल.

शुद्धमती
दरवाज्याला ‘दार’ आहे आणि आमच्याकडे दारच म्हणतात. मुद्दा द्वेषाचा नाही. घरचा शब्द असताना तो न वापरता विसरला जातो, त्याची मला हळहळ वाटते. ‘दिलगिरी’चंच बघा. ‘खेद’ असताना सगळीकडे दिलगिरी.

जुनी वही
दिलगिरीवरून आठवलं म्हणून लिहिते. फारसीत दिल म्हणजे मन आणि गीर म्हणजे पकडणारं. दिलगीर म्हणजे मन धरलेला, उदास. जुन्या मराठीतही अर्थ तोच होता. माझी पणजी ‘लेक सासरी गेल्यापासून दिलगीर झालीये’ असं म्हणायची, त्यात माफीचा संबंध नव्हता. आज फलाटावर ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ ऐकून कुणाचंच मन उदास होत नाही. शब्द माफीच्या कामाला जुंपला आणि त्यातलं दुःख झिजलं. जपानी माणसाच्या मेइवाकूचंही असंच झालं असेल का?

एदोगावाकर
जुनी वही, उलट झालंय. मेइवाकूची दोन अक्षरं बघा : पहिलं वाट चुकण्याचं, दुसरं गोंधळण्याचं. (ग्रहाला जपानीत वाकुसेई म्हणतात, त्यातला ‘वाकू’ हाच. वाट चुकलेला तारा!) चिनीत ही अक्षरं अजून ‘भांबावणे’ याच अर्थाने चालतात, जपानीत ती ‘दुसऱ्याला त्रास’ इथपर्यंत आली. २७ तारखेला माओंनी तनाकांना प्राचीन चू प्रदेशातल्या कवितांची सटीक प्रत भेट दिली. त्या कवितांत ही दोन अक्षरं येतात, म्हणून ती भेट मुद्दाम निवडलेली होती असं काही अभ्यासक मांडतात. मला ते पटतं. ज्या दौऱ्यात एवढं मोठं भांडण एका शब्दावरून झालं, त्यात अक्षरांनीच उत्तर देणं माओंना शोभतं.

तळटीप
सगळे भाषेत रमलात, पण हा शब्द निवडला कुणी आणि कशासाठी, ते बघा. तनाकांच्या स्वतःच्या पक्षात तैवानच्या बाजूचा गट तगडा होता. जपानशी शांतता तह करणाऱ्या १९५१ च्या सान फ्रान्सिस्को परिषदेला बीजिंग आणि तैपेई (तैवान) दोघांनाही बोलावलं नव्हतं. पुढे एप्रिल १९५२ मध्ये जपानने तैपेईशी तह केला आणि चीनबरोबरचं युद्ध त्या तहाने संपलं अशी भूमिका घेतली. बीजिंगला तो तह मुळातच अमान्य. अशा वेळी मायदेशी साधा वाटेल आणि तिकडे माफी म्हणून चालेल असा शब्द हवा होता. पहिला हेतू साधला, दुसरा फसला. म्हणून माझं मत : अनुवादातही दुटप्पी वजनाचाच शब्द हवा. ‘यातना’ लिहिलंत तर मुत्सद्देगिरीच पुसली जाईल.

२९ सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात मेइवाकू नाही. तिथे जबाबदारीची तीव्र जाणीव आणि ‘हानसेई’ आहे. उघड माफीचा ‘ओवाबी’ मात्र नाही. तो पंतप्रधान मुरायामांच्या १५ ऑगस्ट १९९५ च्या निवेदनात आला. १९९८ च्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियाला तो लेखी मिळाला, नोव्हेंबरात चीनचे अध्यक्ष च्यांग त्सेमिन तोक्योला गेले तेव्हा चीनला लेखी मिळाला नाही, नुसता तोंडी. एका शब्दासाठी सव्वीस वर्षं ओढाताण चालली होती.

पानगळ
तळटीप, १९७२ च्या त्याच निवेदनात मला दुसरा खड्डा लागलाय. दोन्ही देशांमधली आतापर्यंतची ‘फुसेइजो’ स्थिती आजपासून संपते, असं कलम आहे. ‘युद्धस्थिती’ म्हटलं तर जपानची अडचण (त्यांच्या मते युद्ध १९५२ च्या तहानेच संपलेलं), म्हणून हा शब्द. शब्दशः ‘असामान्य स्थिती’ होतं. पण मराठीत असामान्य म्हणजे कौतुक! ‘असामान्य बुद्धिमत्ता’, ‘असामान्य धैर्य’.

जुनी वही
‘अस्वाभाविक’ करा. नाहीतर ‘बिघडलेली’.

तळटीप
‘बिघडलेली’ म्हटलं की कुणी बिघडवली हा प्रश्न येतो, आणि तोच तर त्यांना टाळायचा होता. ‘अस्वाभाविक’ला माझं मत.

चिंचपान
मी उशिरा आलो. कुणीच ‘ताप’ कसा आठवला नाही? ‘उगाच ताप दिला तुम्हाला’ हे आपण पाहुण्याच्या घरून निघताना म्हणतो. तोच ताप मनस्तापात आहे, संतापात आहे आणि पश्चात्तापात, अनुतापातही आहे. म्हणजे तनाकांचा मेइवाकू, चौंचा राग आणि निवेदनातली हानसेई, तिन्ही एकाच धातूतून निघतात. आमच्या आईने शेवटच्या आजारपणात माझा हात धरून ‘लई ताप दिला रे तुला’ म्हटलं होतं. तो शब्द मला त्या दिवशी अजिबात हलका वाटला नाही.

एदोगावाकर
चिंचपान, हे वाचून थांबलो थोडा वेळ. पण हानसेईला पश्चात्ताप म्हणू नका. इथे शाळेत सहल झाली की मुलं बसून हानसेई करतात, काय चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. त्यात आत्मपरीक्षण आहे, पोळणं नाही.

शुद्धमती
‘ताप’ मला मान्य. मात्र पानगळ, तुमच्या मजकुरात ‘परराष्ट्र धोरण’ आहे ते तसंच ठेवा. हल्ली बातम्यांत ‘विदेश नीती’ घुसलंय, ते हिंदीचं अनुकरण आहे.

तळटीप
जपानच्या खात्याचं नाव गाइमुशो, १८६९ पासूनचं. शब्दशः ‘बाहेरच्या कामांचं खातं’. त्यात राष्ट्रही नाही आणि परकेपणही नाही.

पानगळ
परवा मजकूर द्यायचाय. ‘फार मोठा ताप दिला’ असं पंतप्रधानाच्या तोंडी औपचारिक मेजवानीत शोभेल का? ‘तसदी’ शोभते, पण तिच्यात चिंचपानांच्या आईचा हात नाही.

जुनी वही
शुद्धमती, ‘विदेश’ हिंदीतून आला हे मला नाही पटत. शब्द संस्कृत आहे, आपल्याकडेही होता. पणजी मात्र दोन्ही म्हणायची नाही. तिच्या तोंडी ‘परमुलूख’. पुण्याहून नागपूरला गेलेला मुलगाही तिच्या लेखी परमुलखातच होता.

शुद्धमती
मुलूख अरबी.