पाउंड-डॉलरची भानगड अजून थोडी

वर कोणीतरी लिहिलंय की पहिल्या महायुद्धात इंग्लंडकडे एवढं सोनं आणि साम्राज्य होतं, मग पाउंड घसरलाच कसा. अहो, सुरुवातीला उलटंच झालं होतं! ऑगस्ट १९१४ मध्ये लंडनची देणी फेडायला अमेरिकनांना पाउंड मिळेनात, त्यामुळे एरवी ४.८६ डॉलरला मिळणारा पाउंड साडेसहा डॉलरच्या वर गेला, तेव्हा अमेरिकन बँकर हवालदिल, आणि बँक ऑफ इंग्लंडने मग कॅनडात ओटावाला सोनं स्वीकारायची सोय केली, म्हणजे अमेरिकनांनी सोनं तिथेच भरून देणी फेडायची.

वर्षभरात पारडं फिरलं. इंग्लंडची दारूगोळा, गहू, कापूस सगळी खरेदी अमेरिकेतून, तिला डॉलर लागायचे, आणि १९१५ च्या उन्हाळ्याअखेर पाउंड साडेचार डॉलरच्या आसपास, म्हणून मग जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेमार्फत न्यूयॉर्कच्या बाजारात पाउंड विकत घेत राहायचं आणि दर ४.७६ ला धरून ठेवायचा हा उद्योग सुरू झाला. त्यासाठी डॉलर लागणार ते कुठून आणायचे, तर सोनं पाठवा, लोकांकडचे अमेरिकन शेअर गोळा करून विका किंवा तारण ठेवा, कर्ज काढा.

नोव्हेंबर १९१६ ला फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) तिथल्या बँकांना बजावलं की विनातारण परदेशी सरकारी बिलांपासून, म्हणजे तारण न घेता परदेशी सरकारांना दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जापासून, जपून राहा; इंग्लंडची कर्जाची वाटच अडली, म्हणून तो घाव मला सगळ्यात वर्मी वाटतो.

आणि १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली तरी त्रास संपला नाहीच, इंग्लंडचा मॉर्गनकडचा साधारण ४० कोटी डॉलरचा ओव्हरड्राफ्ट आपण का फेडायचा म्हणून अमेरिकेचे अर्थमंत्री मॅकाडू अडून बसले. दर टिकला खरा, पण मार्च १९१९ ला पाउंड खरेदीचा हा आधार काढल्यावर लगेच घसरला.