'टोळीची सरदारीण' म्हणावं का?

प्रश्न: शाळेच्या हस्तलिखितासाठी विल्मा मॅनकिलर यांच्यावर लिहिते आहे. १९८५ ते १९९५ त्या अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या चेरोकी नेशनच्या, म्हणजे चेरोकी या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या राष्ट्राच्या, 'प्रिन्सिपल चीफ' होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. 'टोळीची सरदारीण' लिहिलं, पण खटकतंय.

उत्तर: खटकायलाच हवं. 'टोळी' म्हटलं की आपल्याला दरोडेखोर आठवतात, नाहीतर टोळधाड. चेरोकी नेशनला स्वतःचं संविधान आहे, न्यायालयं आहेत, निवडणुका होतात. १९९१ मध्ये विल्माबाई ८० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आल्या. 'सरदारीण' तर त्याहून चुकीचं. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तशीच सरदारीण. १९८३ मध्ये उपप्रमुखपदाला उभ्या राहिल्या तेव्हा 'बाई कशाला?' म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या, गाडीचे टायर फाडले गेले. एवढं सोसून मिळवलेलं पद नवऱ्याच्या वाटेनं आल्यासारखं का लिहायचं? 'सरपंच' बाई असो की बुवा, शब्द तोच राहतो. तसं 'चेरोकी राष्ट्राच्या प्रमुख' लिहा.

प्रश्न: आडनावाचा अर्थ द्यावा का? मुलं 'माणसं मारणारी' म्हणून हसतील.

उत्तर: जरूर द्या, पण नीट. गावाचं रक्षण करणाऱ्या योद्ध्याचा तो हुद्दा, पुढे घराण्याचं आडनाव झाला. सरनोबत, हवालदार, चिटणीस ही आपली आडनावं तशीच तर आली. मुलांना लगेच कळेल.

प्रश्न: आणि 'घिगाऊ', हा चेरोकी स्त्रीला मिळणारा किताब? इंग्रजीतल्या 'बिलव्हेड वुमन'वरून 'लाडकी स्त्री' करावं का?

उत्तर: नको! लाड घरात होतात. घिगाऊला सभेत बोलायचा हक्क होता, कैद्याला जीवदान द्यायचा अधिकार होता. नॅन्येहीची, म्हणजे नॅन्सी वॉर्डची, गोष्ट सांगतात: १७५५ ची तालिवाची लढाई, ती ओंडक्याआड नवऱ्याशेजारी बसून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या दातांनी चावून खडबडीत करत होती, जखम मोठी व्हावी म्हणून. नवरा पडला. तिनं त्याचीच बंदूक उचलली आणि लढाईत उतरली. त्यानंतर तिला हा मान मिळाला. मी 'मानकरीण' म्हणेन.

प्रश्न: पण मग मानकरीण म्हणजेसुद्धा मानकऱ्याची बायकोच ना?

उत्तर: बरोबर पकडलंत, शब्द मागे घेते. नुसतं 'मानकरी' ठेवा. 'पहिल्या बक्षिसाची मानकरी' आपण मुलीला म्हणतोच, आणि त्यात कमावल्याचा अर्थही येतो.