लोड आला की लॅन लटकतं. कंपनीचा ड्रायव्हर टाकू का? (सांगली)

हळद_अ‍ॅडमिन: मार्केट यार्डात एका अडत दुकानाचा लिनक्स सर्व्हर सांभाळतो. सौदे आटोपून पट्ट्या निघू लागल्या आणि त्यातच बॅकअप सुरू झाला की लॅन गपगार. डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) वॉचडॉगची, म्हणजे लॅनवर नजर ठेवणाऱ्या टायमरची ओळ येते, ट्रान्समिट क्यू (पाठवायच्या डेटाची रांग) टाइम्ड आउट. लिंक खाली-वर केली की परत चालू. सध्या क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्टच ते करते. नेटवर्क कार्डाच्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकू का?

मिरज_जंक्शन: नको हो. तो कर्नेलबाहेरचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत न येणारा. डीकेएमएस (प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारी सोय) लावलं तरी एखाद्या कर्नेल अपडेटला तो कंपाइल होत नाही, आणि ते कळतं दुकान उघडल्यावर. आधी केबल आणि स्विचचं पोर्ट बदला. मग बूटला पीसीआयई_एएसपीएम=ऑफ द्या. एएसपीएममुळे वीज वाचवायला कार्ड आणि मदरबोर्डमधली पीसीआयई लिंक झोपते, काही चिपा नीट जाग्या होत नाहीत. तेवढ्यानं भागलं नाही तर इथटूलने (कार्डाची सेटिंग बदलणारी कमांड) टीएसओ (डेटाचे तुकडे कार्डाकडून करून घेणं), मग ईईई (लॅनची वीजबचत) बंद करा. एका वेळी एकच!

हळद_अ‍ॅडमिन: एएसपीएम बंद केल्यापासून बॅकअप सुरळीत चाललाय. म्हणजे झालं ना?

विश्रामबाग_सी: दुकानापुरतं झालं, ड्रायव्हर आहे तसाच आहे. वॉचडॉग एवढंच सांगतो की क्यू ठरावीक वेळ हलली नाही (ड्रायव्हरने वेगळं सांगितलं नसेल तर ५ सेकंद). का हलली नाही, ते सांगत नाही. त्यानंतर ड्रायव्हरचं टाइमआउट फंक्शन कार्ड रीसेट करतं, आणि बरेच घोळ त्या रीसेटच्या वाटेवरच असतात, कारण ती वाट कुणी फारशी तपासत नाही. तुमची स्क्रिप्ट हाच पुरावा पुसत होती, ती आधी काढा.

तसलंच कार्ड असलेलं जुनं मशीन मिळालं तर डीएमए-एपीआय-डीबग (कार्डाला मेमरी जोडून देण्यातल्या, म्हणजे मॅपिंगच्या चुका पकडतं) आणि केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडतं) चालू करून कर्नेल बांधा. आयपर्फ३ने लॅनवर लोड चालू ठेवून लिंक खाली-वर, ड्रायव्हरचं मोड्यूल काढ-घाल, सस्पेंड-रिझ्युम करत राहा. मॅपिंगची चूक न तपासणारा किंवा सोडलेला बफर परत वापरणारा ड्रायव्हर इथे सापडतो. जुन्या कर्नेलवर नीट चालत असेल तर सरळ गिट बायसेक्ट, म्हणजे मधले बदल निम्मे-निम्मे करत बिघाड आणणारा बदल (कमिट) शोधा.

मिरज_जंक्शन: हे सगळं दुकानाच्या सर्व्हरवर करू नका म्हणजे मिळवलं. केएसॅनने मशीन बैलगाडी होतं.

हळद_अ‍ॅडमिन: जुना पीसी आहे घरी, कार्ड तेच. काही सापडलं तर पाठवायचं कुणाला?

विश्रामबाग_सी: कर्नेलच्या सोर्समधली गेट_मेंटेनर स्क्रिप्ट तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांची नावं देते. दुरुस्ती नेट ट्रीकडे (कर्नेलच्या नेटवर्किंग कोडची शाखा), नवं काही असेल तर नेट-नेक्स्टकडे. बायसेक्टमध्ये सापडलेला कमिट पॅचच्या फिक्सेस ओळीत (कोणत्या बदलातली चूक दुरुस्त केली ते सांगणारी) घाला.