एचटीटीपी/२ : स्ट्रीम मर्यादा १०० ठेवली म्हणजे झालं का?

एचटीटीपी/२ या वेब-प्रोटोकॉलमध्ये एकाच कनेक्शनवर अनेक विनंत्या एकाच वेळी जातात, प्रत्येक आपापल्या स्ट्रीमवर. एकाने लिहिलंय, 'मॅक्स कॉन्करंट स्ट्रीम्स (एकाच वेळी उघड्या स्ट्रीम्सची मर्यादा) १०० केलंय, आता रॅपिड रीसेटची (विनंत्या पाठवून लगेच रद्द करत सर्व्हर दमवण्याच्या हल्ल्याची) चिंता नाही'. १०० ठेवणं चांगलंच, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेली ही खोड (सुरक्षा-त्रुटी क्रमांक सीव्हीई-२०२३-४४४८७) नेमकी त्या मर्यादेला वळसा घालते. क्लायंट हेडर्स फ्रेम (नवी विनंती) पाठवतो आणि लगेच आरएसटी_स्ट्रीम (ती रद्द करणारा संदेश). प्रोटोकॉलच्या हिशेबी स्ट्रीम बंद, मोजणी एकने खाली, पुढची उघडायला मोकळीक. मागे बॅकएंडला (आतल्या सर्व्हरला) गेलेली विनंती, हँडलर (ती हाताळणारा कोड), लॉगची ओळ हे सगळं मात्र सुरूच राहतं. म्हणजे एकाच कनेक्शनवर 'चालू' स्ट्रीम दोन-चार दिसतात आणि सीपीयू मात्र छताला. अशा हल्ल्यात गूगलने मोजलेला उच्चांक सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा होता.

मोजायचे ते रीसेट. एन्व्हॉय (सर्व्हरपुढे बसणारा प्रॉक्सी) १.२७.१ पासून हेच करतो: कनेक्शनवर ५०० विनंत्या झाल्या की तपासणी सुरू, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अकाली (डीफॉल्ट १ सेकंदाच्या आत) रीसेट झाल्या असतील तर कनेक्शनच तोडतो. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत किमान १.२१.३ किंवा १.२०.१० हवं, तिथे एकाच वेळी चालणाऱ्या हँडलरांवरच मर्यादा आहे, रीसेट आला तरी हँडलर संपेपर्यंत जागा सुटत नाही. मला हा उपाय जास्त पटतो. एनजिंक्स या वेब-सर्व्हरमध्ये कीपअलाइव्ह_रिक्वेस्ट्स (एका कनेक्शनवर किती विनंत्या घ्यायच्या ती मर्यादा) मूळच्या १००० वर राहू द्या. 'परफॉर्मन्ससाठी' लाखावर नेलेलं असेल तर आधी ते खाली आणा.

आणि लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटणारा) पॅच केला म्हणून आतली गो सर्व्हिस सुटत नाही. तिला नव्या गोवर पुन्हा बिल्ड करावंच लागतं.