बी-४०३ची लिनिया आणि बेसमेंटमधलं वेल्डिंग

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी बी विंगच्या बेसमेंटमध्ये वेल्डिंग चालू होतं म्हणून मला बरेच फोन आले. कोणाचं काम आहे ते कृपया ग्रुपवर सांगा.

निखिल बी-४०३: माझं आहे काका. माझ्या फियाट लिनिया टी-जेटचा (टर्बो पेट्रोल) टर्बोच्या पुढचा फ्लेक्सिबल, म्हणजे धुराच्या पाइपातला लवचिक तुकडा, फाटलाय. पार्ट मिळत नाहीये, म्हणून डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारा पाइप, घरीच बनवतोय.

वैभव ए-६०२: लिनिया अजून चालू आहे?? रांजणगावच्या फियाट कारखान्यातली ना ती? विकून टाक की आता

निखिल बी-४०३: विकणार नाही. ११४ पीएसची सेडान त्या पैशात दुसरी दाखव. बीएस-६चे धुराचे नियम यायच्या आधीच फियाटने इथला गाशा गुंडाळला, आता जुन्या बाजारात जे मिळतं ते आमच्यापेक्षा जास्त फाटलेलं असतं.

बी-२०४: फट् फट् आवाजाचा सायलेन्सर लावणार असशील तर आत्ताच सांग बाबा. रात्री पोरं बुलेट फोडत जातात तेवढं पुरे आहे.

निखिल बी-४०३: नाही हो वहिनी, मागचा सायलेन्सर कंपनीचाच राहणार. उलट आत्ता फाटलेल्या जागेतून जो आवाज येतोय तो बंद होईल.

बी-४०१: वेल्डिंग राहू दे, ग्राइंडरचं बोला. माझी गाडी शेजारच्याच जागेत असते. समोरच्या काचेवर हात फिरवला तर खरखर लागतेय, बॉनेटवर तांबूस ठिपके आलेत. गरम ठिणगी काचेत रुतून बसते, धुऊन निघत नाही. आणि पलीकडे सीएनजीची गाडी उभी असते हे तरी बघायचं.

सी-१०२: आमचा चिनू खाली उभा राहून निळा लाइट बघत होता. रात्री डोळे चोळत उठला, पाणी थांबत नव्हतं. काय करायचं?

देशमुख काका ए-१०४: सी-१०२, आज सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. त्या उजेडातल्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पुढचा पडदा भाजतो. लगेच कळत नाही, काही तासांनी खुपायला लागतं, म्हणून नेहमी रात्रीच उठतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं. बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी यातलं काही घालू नका. डोळे चोळू देऊ नका.

देशमुख काका ए-१०४: निखिल, पाइप कुठला घेतलास? जीआय नाही ना?

निखिल बी-४०३: नाही काका. स्टेनलेस ३०४, अडीच इंची, दीड एमएम जाडीचा. बेंड तयार आणलेत. फ्लँज (पाइपाच्या तोंडाची बोल्टने आवळायची चकती) १० एमएमचा, पुठ्ठ्यावर छाप घेऊन भोसरीला लेझरवर कापून घेतला.

देशमुख काका ए-१०४: मग निम्मं काम बरोबर केलंयस. जीआयवरचं जस्त जळून जो पांढरा धूर होतो त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, वर्कशॉपमध्ये पुष्कळ पोरांना आलेला बघितलाय. आता सांग, वेल्ड करताना आर्गन गॅस पाइपाच्या आतूनही देतोस का?

निखिल बी-४०३: आतून? नाही. बाहेरून टाका मस्त आलाय, फोटो टाकू का

देशमुख काका ए-१०४: फोटो नको. पाइपात बोट घाल.

निखिल बी-४०३: खडबडीत आहे. काळं.

देशमुख काका ए-१०४: फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं लागतंय ना? स्टेनलेस वितळताना मागच्या बाजूला हवा लागली की असं होतं. तो जॉइंट वरून कितीही चकाकला तरी आतून कुजका. पुढे त्याच जागी तडा जातो, आणि सुटलेले कण जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) जाळीत अडकतात. तुझं काम टर्बोच्या पुढचं आहे म्हणून वाचलास. टर्बोच्या अलीकडे, इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डवर असं केलं असतंस तर तो कण थेट टर्बाइनच्या पात्यावर गेला असता. पाइपाची दोन्ही तोंडं ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद कर, एका बाजूने हळू आर्गन सोड, दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेव. आतली हवा निघून गेल्यावरच टॉर्च पेटव. टाक्यात भरायचा रॉड ३०८एल. एखादा तुकडा साध्या लोखंडाला जोडायचा असेल तर ३०९एल.

वैभव ए-६०२: काका रिटायर झालेत असं कोण म्हणालं

देशमुख काका ए-१०४: फ्लेक्सिबल काढून सरळ पाइप टाकायचा विचार आहे का?

निखिल बी-४०३: होता. एक जॉइंट कमी, परत फाटायची भीती नाही.

देशमुख काका ए-१०४: मुळीच नको. ३०४ साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं. एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साधारण नऊ एमएम लांब होतो. शिवाय गिअर टाकला, पेडल दाबलं की इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलतं. हे सगळं फ्लेक्सिबल पचवतो. तो नसेल तर सगळा ताण टर्बोच्या स्टडवर. स्टड तुटला की मग टर्बो उतरवा.

सेक्रेटरी (ए-१०१): काका, माहिती छान आहे, पण परवानगीचं काय? आणि मशीन कुठल्या प्लगला लावलं होतं? बेसमेंटचे प्लग कॉमन मीटरवर आहेत.

निखिल बी-४०३: कॉमनच्याच होतं. युनिट मोजून पैसे देतो.

बी-२०४: व्हॅक्युम क्लीनर लावला तर मला नोटीस आली होती 🙂

ॲडव्होकेट मॅडम ए-३०१: परवानगीआधी कायदा बघा. मोटार वाहन कायदा कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी आणि आरसीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर १८२अ(४)खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज किंवा धुराचं निघालं तर १९०(२), तिथे दंड १०,०००पर्यंत. माझ्या मते फाटलेल्या तुकड्याच्या जागी त्याच मापाचा तुकडा ही दुरुस्ती. कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप टाकला की तो बदल. निखिल, मूळ पाइप किती इंची होता?

निखिल बी-४०३: ...थोडा बारीक.

ॲडव्होकेट मॅडम ए-३०१: वाटलंच.

देशमुख काका ए-१०४: मॅडम बरोबर बोलतायत. मूळ मापाचाच कर. नुसता पाइप जाड करून, बाकी सगळं तेच ठेवून, तुला सीटवर काहीही कळणार नाही. कन्व्हर्टरला हात लावू नकोस. ऑक्सिजन सेन्सरची बॉस (सेन्सर पिळायची आट्यांची कडी) आडव्यापेक्षा निदान १० अंश वर ठेव, नाहीतर थंड पाइपातलं पाणी सेन्सरमध्ये उतरतं. जुना सेन्सर आत पिळून मगच वेल्ड कर, आटे वाकडे होणार नाहीत. सेन्सरच्या अलीकडे बारीकसुद्धा गळती ठेवू नकोस. बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो उगाच वाढवत बसतो.

देशमुख काका ए-१०४: पाइप पुसायला काय वापरतोस?

निखिल बी-४०३: ब्रेक क्लीनर.

देशमुख काका ए-१०४: आज फेकून दे. त्यातल्या काहींत क्लोरीन असतं, आर्कसमोर त्याचा फॉस्जीन वायू होतो. तो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. ॲसिटोनने पूस, पूर्ण सुकू दे. आणि बेसमेंट तर बंदच. आर्गन हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. रात्रभर व्हॉल्व्ह गळत राहिला तर फरशीलगत साठतो, आणि तू गाडीखाली आडवा असतोस.

बी-४०१: माझ्या काचेचं काय ते पण ठरवा.

निखिल बी-४०३: दादा, काच आणि बॉनेट दोन्ही पॉलिशला देतो. काच नाही निघाली तर बदलून देतो.

सेक्रेटरी (ए-१०१): ठीक. बेसमेंटमध्ये वेल्डिंग आणि ग्राइंडिंग पूर्ण बंद. पंप हाउसमागच्या मोकळ्या जागेत फक्त रविवारी १० ते १, तिन्ही बाजूंनी पत्रे उभे करून. वीज स्वतःच्या मीटरवरून. अग्निशामक बाटली शेजारी. मुलांना तिकडे कोणी सोडू नका. सिलिंडर साखळीने बांधलेला नसेल तर वॉचमन काम थांबवेल.

सी-१०२: डॉक्टरांनी ड्रॉप्स दिलेत, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. चिनू विचारतोय रविवारी काळी काच मिळेल का

देशमुख काका ए-१०४: मिळणार नाही. निखिल, रविवारच्या आधी फ्लँज घेऊन ये, सपाटी बघू. वेल्ड करताना तो जाड प्लेटवर बोल्टने आवळला नव्हतास ना?

निखिल बी-४०३: नव्हता.

देशमुख काका ए-१०४: मग वाकला असणार. टीपॉयची जाड काच आहे माझ्याकडे, तिच्यावर फ्लँज ठेवून बघू, फक्त फट मोजायला फीलर गेज घेऊन ये. नऊनंतर ये, आधी औषधं असतात.