जुनी मोटारबोट: २० मिनिटांनी इंजिन कट, काटे थरथरतात

प्रश्न
बोट सुमारे ३० वर्षं जुनी. आत चार सिलिंडरचं कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन, वायरिंग १२ व्होल्टचं. थंड असताना लगेच सुरू होतं. १५-२० मिनिटांनी एकदम बंद. १० मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. दिवे आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) लावले तर आणखी लवकर बंद पडतं आणि डॅशवरचे काटे थरथरतात. स्पार्क प्लग, इंधन फिल्टर नवे आहेत. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंधन बघू की वायरिंग?

प्रतिसाद १
आचके देत, मंदावत बंद पडलं तर इंधन. चावी फिरवल्यासारखं कट झालं तर इग्निशन. तुमच्याकडे लोड वाढला की त्रास वाढतो, म्हणून वायरिंग आधी. १२.६ व्होल्टवरून बॅटरी भरलेली आहे एवढंच कळतं, जोड कसे आहेत ते नाही.

जोड लोडखाली मोजा. इंजिन, दिवे, पंप चालू ठेवा, मल्टिमीटर डीसीवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग खराब. मग पॉझिटिव्ह खांब ते कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) फीड वायर. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा रोधक) असेल तर त्याच्या आधी मोजा. इथे ०.५ व्होल्टच्या वर नको.

कॉइलची फीड इंजिनवरून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) मोठ्या प्लगमधून डॅशच्या चावीपर्यंत जाते आणि त्याच प्लगमधून परत येते. डॅशवरचे काटेही त्याच फीडवर. त्यातली पिन गंजली की तापते, पकड सुटते. थंड झाली की परत जुळते. तुमची १० मिनिटं बहुधा तीच.

प्रतिसाद २
इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनजवळची हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि बिल्जमध्ये वास घेऊन बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. हे टाळू नकाच.

इंधनाचीही शंका फेडून घ्या: बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) तुंबलंय. त्याच वेळी स्पार्क टेस्टर लावा. कॉइलला पूर्ण व्होल्टेज असूनही ठिणगी नसेल तर कॉइल गरम झाल्यावर दगा देतेय.

प्रश्नकर्ता
निगेटिव्ह ०.०८ व्होल्ट. पॉझिटिव्ह खांब ते कॉइलची फीड १.४ व्होल्ट, बॅलास्टच्या आधी. हार्नेसचा प्लग हाताला चांगलाच गरम. चार्जिंग १४.१ व्होल्ट. झाकण उघडल्यावर आवाज नाही.

प्रतिसाद १
मग प्लगच. निगेटिव्ह केबल काढा, प्लग उघडा. पिन काळवंडलेली किंवा सैल असेल तर घासून भागणार नाही, दोन्ही अर्धे बदला. वायरचं तांबं काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे छाटा. पुरत नसेल तर टिन केलेली (कथील चढवलेली) तांब्याची वायर जोडा, वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी. बसवताना डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं).

दिव्यांचा आणि पंपाचा भार या प्लगवरून काढाच. त्यांना बॅटरीवरून स्वतंत्र फीड द्या, फ्यूज बॅटरीपासून १८ सेंमीच्या आत. नाहीतर नवा प्लगही तापेल.

प्रतिसाद २
नंतर तीच मोजणी अर्धा तास चालवून, प्लग गरम असताना परत घ्या. आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढू नका, त्यातले डायोड जळतात.