पहिली गळकाठी कशाची घ्यावी: फायबर, कार्बन की बांबू?

निपाणीकर
हिडकल धरणावर रोहू-कटला माशांना बसणाऱ्या नव्या पोरांच्या हातात हल्ली कार्बनचीच काठी दिसते. दुकानदार म्हणतो हलकी आहे, घ्या. माझं म्हणणं, काठावर बसून तळाला आमिष सोडायचं असेल तर पहिली काठी फायबरग्लासचीच हवी. जड असते, पण बुडापर्यंत वाकते. मोठा कटला मुसंडी मारतो तेव्हा ते वाकणंच दोरा वाचवतं. खडकावर आपटली, गाडीच्या टपावर बांधली, तरी सहसा काही होत नाही. कार्बनला दगडाचा टोचा बसला तर डोळ्याला दिसतही नाही, आणि पुढच्या दमदार माशाला काठी नेमकी तिथंच मोडते.

मरळवाला, खानापूर
दादा, बसणाऱ्यांचं ठीक आहे. मी मरळीला रबरी बेडूक फेकतो. सकाळभर फेकायचं नि ओढायचं, सात फुटी फायबरनं मनगट भरून येतं. मरळीचा जबडा कडक, झटक्यात गळ रुतवायला काठी ताठच लागते. फायबर अर्धा झटका स्वतःच खाते, तोवर मरळ जलपर्णीत शिरलेली असते. आणि कार्बन मोडते ती बहुतेक वेळा पायाशी आलेला मासा काठी उभी धरून उचलल्यानं. सगळा भार शेंड्यावर येतो. जाळी वापरा की!

निपाणीकर
मरळीपुरतं मान्य. पण 'कार्बन' छापलेल्या कितीतरी स्वस्त काठ्यांत मुख्य माल ग्लासचाच, कार्बन नावाला. नवा माणूस पैसे कार्बनचे देतो आणि त्याला ना हलकेपणा मिळतो ना ताठपणा. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, हे दुकानात कोण सांगतं? घटप्रभेच्या, कृष्णेच्या काठानं उसाच्या मोटारींना गेलेल्या तारा बघा. बारा फुटी काठी मागं नेताना वर कोण बघतो? उच्च दाबाच्या तारेला टेकायचीसुद्धा गरज नसते, जवळ गेली तरी झटका बसतो.

मरळवाला, खानापूर
तारेखाली कुठलीच काठी उचलू नये. भिजलेला बांबू किंवा ओली फायबर असली म्हणून सुरक्षित नाही. हे कार्बनच्या एकट्याच्या नावावर लिहू नका, नाहीतर फायबरवाले बिनधास्त तारेखाली जातील.

मार्कंडेयकाठ
तुम्ही दोघं खिशात पैसे असणाऱ्यांचंच बोलताय. शाळकरी पोराला तळ्यात चिलापी धरायला रील कशाला? चिव्याची म्हणजे बारीक बांबूची सरळ काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बारीक गळ, गांडूळ. झालं. पावसाळा सरल्यावर थंडीत तोडा, किडा कमी लागतो. सावलीत आडवी ठेवून वाळवा, उन्हात तडकते. तंगूस नुसती शेंड्याला बांधू नका, काठीवरून मुठीपर्यंत आणून बांधा. शेंडा मोडला तरी मासा जात नाही.

निपाणीकर
पोरांना बांबूच द्या, त्यावर वाद नाही. हिडकलला मात्र आमिष लांब टाकावं लागतं, तिथं चिव्याचं काम नाही.

मरळवाला, खानापूर
मग घेणाऱ्यानं आधी कुठल्या पाण्यावर आणि कुठल्या माशाला हे सांगावं, दुकानदारानंही तेच विचारावं. रीलची काठी कुठलीही घ्या, दोरा ज्यांतून जातो त्या रिंगा दुकानातच तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेत फिरवायचा. तंतू अडकला तर आत तडा किंवा खरखर आहे, दोरा तिथं कापला जाणार. ती काठी परत ठेवा.